पडद्यामागच्या बायकांनी काय पाहिलं

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. या अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं तीस-तीस वर्षं नोकरी केलेली असतात. मी अजून बी.ए.च्या वर्गात बसतो, आणि ज्या कामाबद्दल लिहायचं ते मी जेमतेम दोन पावसाळे केलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. छापून येईल असं लिहायची सवय नाही. एखादं वाक्य चुकलं तर लोक मला हसतील की माझ्या आईवडिलांना, हेही मला ठरवता येत नाही.

पण गेल्या महिन्यात आमच्या निपाणीच्या चित्रमंडळाचा अहवाल छापून आला. पडद्यामागे बसणाऱ्या कामकरी बायकांना परदेशी चित्रपट समजत नाहीत, हे 'आमच्या सांगणाऱ्याने गोळा केलेल्या अभिप्रायांवरून' दिसून आलं, म्हणून त्यांची जागा यापुढे बंद केली आहे, असं त्यात लिहिलंय. तो सांगणारा मी. मी असं कुठे म्हटलं नाही, कुठे लिहिलं नाही. जे लिहिलं होतं ते मंडळाच्या चिटणीसांनी माझ्यासमोर वाचलं आणि तरी हे छापलं. त्या बायकांमध्ये माझी आई बसत होती. तेव्हा भीती बाजूला ठेवून लिहितो आहे.

मंडळ म्हणजे निपाणीतले काही वकील, डॉक्टर, हायस्कूलचे मास्तर आणि दोन-तीन व्यापारी. बोलपट आल्यावर मूकपटांना कुणी विचारेनासं झालं होतं. परदेशातल्या चांगल्या चांगल्या मूकपटांच्या पेट्या मुंबईला धूळ खात पडल्या होत्या. त्या मागवायच्या आणि जगात काय चाललंय ते इथल्या माणसांना दाखवायचं, असा मंडळाचा हेतू. हेतू चांगला होता. आजही मी त्याला नावं ठेवत नाही.

खेळ व्हायचे त्यांतल्या एका व्यापाऱ्याच्या, आप्पासाहेबांच्या, तंबाखूच्या वखारीत. पावसाळ्यात माल गेलेला असतो, वखार रिकामी असते आणि खिडक्या लहान, त्यामुळे रविवारी दुपारीसुद्धा आत मिट्ट काळोख करता येतो. शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर दिवा चालायचा. मशीन फिरवायला बेळगावच्या लष्करी कॅम्पातून इस्माईलभाई यायचे. वखार रिकामी झाली तरी तंबाखूची धूळ भिंतीतून जात नाही. पहिल्या रिळापासून शिंका सुरू व्हायच्या. एकदा बेळगावहून एक प्राध्यापक पाहुणे आले होते. करुण प्रसंगी सबंध वखार डोळे पुसताना पाहून ते फार भारावले, आणि निपाणीकरांच्या रसिकतेबद्दल त्यांनी अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहिलं. त्यांच्या स्वतःच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो अभिप्राय मात्र अहवालात जसाच्या तसा छापलाय.

आता माझं काम. मूकपटात माणसं ओठ हलवतात आणि मग काळ्या पाटीवर इंग्रजी अक्षरं येतात. ती वाचून मराठीत, आणि जमेल तेवढं कानडीत, मोठ्याने सांगायचं. म्हणून नाव सांगणारा. पडद्याच्या डाव्या बाजूला हातात छडी घेऊन मी उभा राहायचो. पाटी सात-आठ अंक मोजेपर्यंत टिकते. तेवढ्यात वाचायचं, समजून घ्यायचं आणि बोलायचं. इंग्रजीत तीन शब्दांत काम भागतं तिथे मराठीला दहा लागतात, आणि तोवर पडद्यावरचा माणूस घोड्यावर बसून निघून गेलेला असतो. पेटीबरोबर गोष्टीचा एक छापील कागद यायचा. शनिवारी कॉलेज सुटलं की मी बेळगावहून मोटारीने निघायचो तेव्हा तो कागद पाठ करत यायचो. संकेश्वर येईपर्यंत गोष्ट पाठ झालेली असायची, निपाणी येईपर्यंत नावं विसरलेली असायची. मग मी नावंच काढून टाकली. मोठा भाऊ, धाकटी सून, कारखान्याचा मालक, असं सांगायला लागलो. लोकांना तेच बरं वाटलं.

आणि पडदा. हे बाहेरगावच्या वाचकांना नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पडदा म्हणजे पांढरं मांजरपाट. ते वखारीच्या मधोमध बांधायचो. पुढच्या अंगाला खुर्च्यांवर सभासद, त्यांच्या घरच्या बायका आणि मागे बाकांवर इतर मंडळी. कापडाच्या पलीकडच्या अंगाला, जमिनीवर तरट टाकून, निम्म्या दरात वखारीत काम करणाऱ्या बायका. कापड कोरडं असलं तर पलीकडे अंधुक दिसतं, म्हणून खेळाआधी आणि दर दोन रिळांनी बादलीतलं पाणी मारून ते भिजवायचं. ओल्या कापडातून चित्र आरपार जातं आणि पलीकडच्यांनाही तेवढंच स्वच्छ दिसतं. तंबूच्या सिनेमात ही रीत होती, तीच मंडळाने घेतली. वाईट असं काही कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

खेळ संपला की पंधरा-वीस जणांना विचारून त्यांचं म्हणणं वहीत उतरवायचं, हेही माझ्याकडे. सभासद स्वतः लिहायचे: 'छायाचित्रण उत्तम', 'नायिकेचा अभिनय वाखाणण्याजोगा'. बायकांचं मी लिहायचो. त्या मागच्या दाराने जायच्या, तिथे उभं राहून घाईघाईत विचारायचं. पडद्याच्या मागे, त्यांच्या तरटावर मी दोन वर्षांत एकदाही जाऊन बसलो नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी इतरांच्या चुकांच्या आधी सांगतो.

बायकांना समजत नाही म्हणणाऱ्यांसाठी त्या वहीतली एक-दोन पानं आठवून लिहितो. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातल्या चित्रपटात एक म्हातारा बर्फाच्या वादळात सापडतो आणि बसल्या जागी मरतो. पलीकडून तानूआक्कांचा आवाज आला. तानूआक्का म्हणजे वखारीतल्या बायकांच्या टोळीची मुकादमीण, माझ्या आईची शेजारीण.

"दत्तू, आरं एवढी राख कुठनं पडतीया रं?"

मी म्हणालो, "राख नव्हे आक्का, बर्फ आहे."

"तू बगितलास व्हय कधी?"

मी तरी कुठे पाहिला होता? "गार पडते तिचं पीठ समजा," असं मी कसंबसं म्हणालो. पुढे खुर्च्यांत हशा झाला. पण बाहेर पडताना त्याच आक्का म्हणाल्या, "म्हातारा थंडीनं न्हाय मेला. त्येची सून दार लावून घेत्याली दिसली न्हवं?" खुर्च्यांतल्या एकाच्याही अभिप्रायात ती सून नव्हती.

दुसरा प्रसंग माझ्या फजितीचा. चित्रपटात चुंबनाचा प्रसंग असला की चिटणीसांचा जीव खाली-वर व्हायचा. चिटणीस वकील आहेत, माणूस अभ्यासू, पण समोर घरची मंडळी बसलेली. त्यांनी मला बजावलं, "अशा वेळी ते बहीण-भाऊ आहेत असं सांगत जा." मी नवा होतो. सांगितलं. बहीण-भाऊ दोन रिळं एकमेकांना भेटत राहिले, आणि पाचव्या रिळात चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं. खुर्च्यांतले लोक खोकायला लागले. पलीकडून आरडाओरडा.

"आरं ए सांगणाऱ्या! भनीसंगं लगीन लावतोस व्हय रं मुडद्या?"

"त्येच्या आईला बलवा गं, आई हितंच बसलीया!"

आई बसली होतीच. घरी गेल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "तुझ्या पुस्तकात आसं लिवलंय, का वकिलानं सांगितलं?" मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग खोटं बोलायचं काम घेऊ नगंस." पुढच्या खेळापासून मी अशा ठिकाणी नुसता गप्प राहू लागलो. बायकांना काय ते बरोबर कळायचं.

म्हणजे बायका बोलत होत्या, विचारत होत्या, अडवत होत्या. पण आईने एकदा विचारलेला प्रश्न मी झटकून टाकला, त्याचा मला आजही राग येतो, स्वतःचा. भाकरी थापताना ती म्हणाली होती, "गोरी लोकं समदीच डावरी आसत्यात व्हय रं? लिवत्यात डाव्या हातानं, सलाम डाव्या हातानं."

मी पुस्तक वाचत होतो. वर न बघता म्हणालो, "असतील. त्यांचं सगळंच निराळं असतं."

तानूआक्का तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माजा मामा कॅम्पात घोड्यास्नी घास घालाय हुता. तितलं गोरं उजव्या हातानं सलाम करत्यात म्हनायचा."

"त्ये सायबाम्होरं गं," आई म्हणाली. "आपल्या गावात आपल्यावानी ऱ्हात आसतील."

मी हसलो. कॉलेजात शिकणाऱ्या माणसाला दोन अडाणी बायकांचं बोलणं ऐकून येतं तसं हसू. एवढ्या स्पष्ट शब्दांत त्यांनी सांगितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तो पडायला एक रविवार वाया जावा लागला.

त्या रविवारी जो चित्रपट होता त्याची गोष्ट अशी. एका श्रीमंताच्या घरात एक गरीब मोलकरीण आहे. मालकाचा पुतण्या खिडकीतून हात घालून चांदीची पेटी चोरतो. आळ मोलकरणीवर येतो. पुतण्या डावखुरा आहे, पण घरात कुणाचं तिकडे लक्ष गेलेलं नाही. कोर्टात म्हातारा माळी साक्ष देतो की खिडकीतून आत गेलेला हात मी पाहिला, तो डावा होता, आणि ही मुलगी तर उजव्या हाताची आहे. न्यायाधीश माळ्याचं ऐकत नाही आणि मुलीला शिक्षा देतो. फार गंभीर चित्रपट. त्या दिवशी बेळगावहून एक रावसाहेब, निवृत्त सरकारी अधिकारी, मुद्दाम पाहायला आले होते. पहिल्या रांगेत मधोमध त्यांची खुर्ची होती.

कोर्टाचा प्रसंग आला. माळी हात वर करून बोलतो, पाटी येते. मी सगळा जीव ओतून म्हणालो, "महाराज, मी या डोळ्यांनी पाहिलं. चोराचा हात डावा होता! चोर डावरा आहे!"

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आगं, मग जज्ज बी डावराच की!"

"त्यो शिपाई बघ, त्यो बी!"

"मालकानं मगाशी चिठ्ठी कशानं लिवली? डाव्यानंच न्हवं?"

"समदंच चोर हाईत बाई. येक त्यो पुतण्या तेवडा उजवा!"

"आनि माळी? आपून उजवा हात बगितला खिडकीत, ह्यो म्हनतोय डावा. किती खाल्लं रं म्हाताऱ्या?"

नेमका तेव्हाच न्यायाधीश दौत पुढे ओढतो आणि निकालावर सही करतो. मागच्या बायकांचा हसण्याचा लोंढा फुटला. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. पडद्यावर मोलकरीण कोसळून रडत होती आणि वखार हसण्याने दणाणत होती. रावसाहेब उठून उभे राहिले. 'जज्ज बी', 'शिपाई बी', 'समदंच चोर' हे शब्द त्यांना स्वच्छ ऐकू आले होते. चिटणीस ओरडले, "बंद करा! मशीन बंद करा!" इस्माईलभाईंनी दिवा झाकला. दारं उघडली. चिटणीस पडद्याला वळसा घालून मागे गेले आणि त्या बायकांना, ज्यांत माझी आई होती, जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. त्यांच्या तोंडून तसले शब्द मी पहिल्यांदा ऐकले. हे तुम्हाला कुणी शिकवून पाठवलं, असंही त्यांनी दरडावून विचारलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांना कळेचना की झालं काय. चोराला चोर म्हणायचं नाही तर गोष्ट दाखवता कशाला?

खुर्च्यांतले सगळे गेल्यावर वही भरायला म्हणून मी तानूआक्कांना गाठलं. मीही चिडलेलोच होतो, मला वाटलं यांनी माझा खेळ बुडवला. म्हणालो, "आक्का, हसलात कशाला? जज्ज कुठे डावरा होता?"

आक्का म्हणाल्या, "दत्तू, तुज्या डोळ्यास्नी काय झालंय काय? हातात लेकनी धरून बसलाय त्यो, समद्यांनी बगितला."

आई म्हणाली, "तू हिकडं ये की जरा."

इस्माईलभाई अजून रिळं गुंडाळत होते. मी त्यांना तेच कोर्टाचं रीळ पुन्हा लावायची विनंती केली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तरटावर जाऊन बसलो. कापड ओलं होतं. चित्र आलं. न्यायाधीशाने डाव्या हातात लेखणी घेतली. शिपायाने डाव्या हाताने सलाम केला. इंग्रजी पाटी आली ती आरशात दिसावी तशी उलटी. मला वाचताच येईना. तिथे बसल्यावर मीही अडाणीच होतो.

आई शेजारी होती. ती म्हणाली, "दिसला का डावा?" मी मान हलवली. "मग?" एवढंच ती म्हणाली.

इस्माईलभाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे भाई, इसमें क्या है? रीळ पलटून लावलं की मागं सीधं दिसतं, पुढं उलटं. दो मिनट का काम. कुणी बोललंच नाय कधी." दोन मिनिटांचं काम! हे इतकं सोपं होतं हे ऐकून मला आधी आनंद झाला. राग नंतर आला.

त्या रात्री मी वहीत सगळं लिहिलं. बायका काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत, त्या का हसल्या, त्यांना काय दिसत होतं. शेवटी लिहिलं की त्यांचा तर्क एका अक्षराने चुकलेला नाही, चूक आपण बसवलेल्या जागेची आहे. सोमवारचं कॉलेज बुडवून मी मंडळाच्या सभेला थांबलो.

सभा वखारीतच होती. चिटणीसांनी वही वाचली. मला वाटलं होतं, हे वाचल्यावर सगळे हसतील आणि प्रश्न मिटेल.

चिटणीस म्हणाले, "म्हणजे त्यांना डावं-उजवं कळत नाही. तेच तर मी म्हणतोय."

"नाही साहेब, त्यांना कळतं," मी म्हणालो. "आपण त्यांना उलटं दाखवतो."

"दोन वर्षं तू तिथे उभा होतास. तुला नाही कळलं?"

मी म्हणालो, "नाही कळलं. म्हणून तर सांगतोय. एका रविवारी रीळ पलटून लावू. त्यांना सुलटं दिसेल."

"आणि आम्हाला?"

"आपल्याला उलटं. एक रविवार."

सभा हसली. आदल्या दिवशी बायका हसल्या तेव्हा तो गुन्हा होता. डॉक्टर म्हणाले, "आम्ही इंग्रजी काय आरशात वाचायचं?" मी म्हणालो, "मग त्यांना पुढच्या अंगाला बसवू या. बाकांच्या मागे तरट टाकू. जागा आहे."

यावर कुणी हसलं नाही. हायस्कूलचे एक मास्तर, ज्यांनी मला इंग्रजी शिकवलं आणि ज्यांच्यामुळे मी आज कॉलेजात आहे, ते खिडकीबाहेर बघू लागले. चिटणीस म्हणाले, "आमच्या घरच्या बायका तिथे बसतात. या तंबाखूच्या कपड्यांनी येणार." वखारीत बसून, तंबाखूच्या भिंतीला पाठ टेकून ते हे बोलले.

मी म्हणालो, "एक रीळ तरी मागे बसून बघा. पेटी उद्या जाणार आहे. इस्माईलभाई थांबलेत."

कुणी उठलं नाही. मग आप्पासाहेब उठले. वखार त्यांची, मंडळाचे अध्यक्षही तेच. घरात कानडी बोलणारे, कमी बोलणारे गृहस्थ. गिरणीवाल्याला इंजिन सुरू करायला सांगून ते पडद्यामागे गेले आणि तरटावर बसले. रीळ संपेपर्यंत बसले. शिंका ऐकू येत होत्या. बाहेर आले तेव्हा धोतराला धूळ लागली होती, ती त्यांनी झटकली नाही.

"पोरगं खरं सांगतंय," ते म्हणाले. "मागनं समदी डावरीच दिसत्यात. मी तितं असतो तर मीबी हसलो असतो."

चिटणीसांनी विचारलं, "मग काय लिहायचं?"

आप्पासाहेब खुर्चीवर बसले. "तुम्ही म्हणताय तसं लिवा," ते म्हणाले. "रावसाहेब कचेरीत बोलल्याशिवाय ऱ्हाणार न्हाईत. मालाच्या कामासाठी मला रोज त्या कचेरीत जावं लागतंय." मग माझ्याकडे बघून, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाले, "तम्मा, तू अजून लहान हाईस."

चिटणीसांना काही कळलं नव्हतं, असं एक वेळ म्हणता येईल. आप्पासाहेबांना कळलं होतं. तरटावर बसून, डोळ्यांनी पाहून, तोंडाने कबूल करून त्यांनी बायकांच्या विरुद्ध लिहायला सांगितलं. मला जास्त राग कुणाचा येतो असं कुणी विचारलं तर मी त्यांचं नाव घेईन. वही त्या दिवशीच माझ्याकडून काढून घेतली. छडी मी स्वतःच टेबलावर ठेवली. चिटणीस म्हणाले, "शिकलास, पण कुठे बोलायचं ते नाही शिकलास." मास्तर तेव्हाही खिडकीबाहेर बघत होते.

पडद्याचं कापड आता वखारीत नाही. मागच्या भिंतीला चुना देऊन तिच्यावरच चित्र पाडतात, म्हणजे मागे कुणी बसायचा प्रश्नच नाही. सांगणाऱ्याचीही गरज नाही, सभासदांना इंग्रजी येतं. जगातलं उत्तम ते इथल्या माणसांना दाखवायचं हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर अजून आहे.

हंगाम सुरू झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी त्याच वखारीच्या आवारात गेलो. बायका ओळीने बसून तंबाखू निवडत होत्या. गोष्ट अर्धवट राहिली होती, ती पुरी सांगणं माझ्याकडे होतं. मी आईशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. कापडातून उलटं कसं दिसतं ते आईच्या पदराचं टोक भिजवून त्यावर जळक्या काडीने लेखणी धरलेला माणूस काढून दाखवलं. चोर खरोखरच डावरा होता, जज्ज, शिपाई, मालक हे उजवे होते, माळ्याने लाच खाल्ली नव्हती, तो खरंच बोलत होता. दोघी-तिघींनी पदर उलटसुलट करून पाहिला आणि त्यांना पटलं. "आपली चूक झाली म्हना की," एकजण म्हणाली. "उगंच हसलो."

तानूआक्कांचे हात चालू होते. त्या म्हणाल्या, "थांब. म्हंजे जज्ज चोर न्हवता?"

"नव्हता."

"माळी खरं बोलला?"

"खरं बोलला."

"आनि त्ये जज्जानं ऐकलं, आपल्या कानानं?"

"ऐकलं."

"मग पोरीला शिक्षा कशी काय दिली रं त्येनं?"

सगळ्याजणी माझ्याकडे बघू लागल्या. मी कॉलेजात लॉजिक हा विषय घेतला आहे. आईने माझ्यापुढे पानांचा एक ढीग सरकवला आणि मी निवडायला लागलो.

हा अभिप्राय मंडळाच्या वहीत नाही, म्हणून इथे दिला. सभासदांपैकी ज्या कुणाला त्या प्रश्नाचं उत्तर येत असेल त्याने कळवावं. मी दर रविवारी निपाणीला असतो, आक्कांना जाऊन सांगेन.